जिवंत बिल, मेलेला नंबर

१

बन्सीच्या ट्रकमधले कागद सगळे खरे होते. तरी ट्रक पकडला गेला.

घटस्थापनेच्या सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास, परभणीच्या अलीकडे, जीएसटीच्या तपासणी पथकानं त्याला हात केला. ट्रकमध्ये शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातली चाळीस कडबाकुट्टी यंत्रं होती आणि माल नांदेडच्या डीलरकडे निघाला होता. बन्सीनं बिल दाखवलं. माल रस्त्यावर न्यायला जे ई-वे बिल लागतं तेही दाखवलं. अधिकाऱ्यानं त्यावरचा नंबर मोबाइलमध्ये टाकला आणि कागद परत दिला.

"हा नंबर काल संध्याकाळी रद्द झालाय. तू परवान्याशिवाय माल नेतोयस."

"साहेब, हा काय छापलेला कागद."

"कागद राहू दे. नंबर मेलेला आहे."

माल अडकला, ट्रक अडकला. सुटका हवी तर कराच्या दुप्पट दंड. बन्सीचा ट्रक स्वतःचा, एकच. तो केबिनमध्ये झोपायचा आणि दिवसातून चार वेळा कारखान्यात फोन करून एकच प्रश्न विचारायचा, "म्या काय केलं?"

हे सगळं मला चौथ्या दिवशी कळलं. माझं नाव तनुजा. छोट्या कारखान्यांना बिलांचं आणि करांचं सॉफ्टवेअर बसवून देते, ते चालतं ठेवते. शहरात, औरंगपुऱ्यात, एका स्टेशनरीच्या दुकानावर माझी दीड खोलीची कचेरी आहे. त्याच सोमवारपासून देशभर जीएसटीचे दर बदलले होते आणि माझा फोन आठवडाभर थांबला नव्हता. गुरुवारी इंद्रजीतचा आला. तो कारखान्याचे मालक तात्यासाहेब यांचा पुतण्या, विक्री बघायचा.

"ताई, रद्द कुणी केलं ते स्क्रीनवर दिसतंयच. ज्ञानेश्वरीचं नाव आहे. तुम्ही फक्त येऊन लेखी द्या."

"लेखी कशाला?"

"पोलिसात द्यायचंय."

२

ज्ञानेश्वरीला बिलं करायला मी शिकवलं होतं. दौलताबादची मुलगी, वडील मेंढरं राखतात. तिच्या घरात कचेरीत नोकरी करणारी ती पहिलीच. शिकवताना ती प्रत्येक पायरी वहीत लिहायची आणि शंका असली की तोंडानं न विचारता वही पुढे सरकवायची. तिनं हे केलं असेल, हे मला पटत नव्हतं. पण माणसं पटण्यासारखी वागतात असंही नाही.

कारखान्यात पोचले तेव्हा तात्यासाहेब केबिनमध्ये होते. अडुसष्ट वर्षांचे, लेथ मशीनवर हात काळे करून वर आलेले. मोबाइलच्या पडद्यावर जाड बोट फिरवत त्यांनी मान वर केली.

"आज दुपारपर्यंत अकरा यंत्रं गेली बघा. दर उतरला आन् गिऱ्हाईक उठलं. आन् इकडं चाळीस रस्त्यात अडकली." मग आवाज उतरवून म्हणाले, "पोरगी म्हणून ठिवली होती मॅडम. सगळ्यांसमोर हाकलून द्यावं लागलं. जिव्हारी लागलंय."

इंद्रजीतनं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. नोंद स्पष्ट होती. रविवार, संध्याकाळी सहा चाळीस. ई-वे बिल रद्द. वापरकर्ता ज्ञानेश्वरी.

"आता ही गंमत बघा," इंद्रजीत म्हणाला. त्यानं बिल उघडलं. ते धडधाकट होतं, कुठंही रद्दचा शिक्का नव्हता. "कामासाठी केलं असतं तर बिलही रद्द केलं असतं ना? बिल जिवंत ठेवलं आणि फक्त ई-वे मारला. म्हणजे ट्रक निघावा, आणि रस्त्यात पकडला जावा. ऑगस्टमध्ये पगारवाढ मागितली होती तिनं. दिली नाही."

बिल ठेवून नुसता ई-वे रद्द करण्याचं दुसरं कारण मलाही दिसत नव्हतं. तरी मी वापरणाऱ्यांची यादी काढली. सॉफ्टवेअर पाच जणांसाठी घेतलेलं. इंद्रजीत, ज्ञानेश्वरी, माल पाठवणारा बुद्धभूषण, स्टोअरचा माणूस आणि बाहेरून येणारा हिशेबनीस. शेवटच्या दोघांना ई-वेचा अधिकारच नव्हता.

"रविवारी ती किती वाजता गेली?"

"पाचच्या बसनं," तात्यासाहेब म्हणाले.

"मग सहा चाळीसला?"

इंद्रजीत हसला. "पुढचा रकाना वाचा ताई."

मी वाचला. तिथं लिहिलं होतं, मोबाइलवरून.

३

बुद्धभूषण मालाच्या फलाटावर उभा होता. त्याच्याशी बोलताना मला पहिल्यांदा वाटलं की गोष्ट जशी सांगितली जातेय तशी नाही.

"गाडी खरं तर रविवारी निघणारच नव्हती मॅडम," तो म्हणाला. "चारला लोडिंग झालं, बिल झालं, ई-वे झाला. बन्सीभाऊ सोमवारी पहाटं पाचला निघणार, असं ठरलं होतं. सगळ्यांना तेच माहीत. मग त्यांच्या आईचा जिंतूरहून फोन आला. घट बसवायला पोरगा पाहिजे म्हणून. ते म्हणले, आत्ता निघतो, रात्री घरी मुक्काम, सकाळी घट बसवून पुढं नांदेड."

"सोडलं कुणी?"

"इंद्रजीतभाऊ जा म्हणले, मी गेटपास दिला. सव्वासहाला गाडी बाहेर."

"तात्यासाहेब?"

"ते सहालाच गेले होते घरी. आम्ही दोघंच होतो गेटवर."

"आणि त्याआधी काही घडलं?"

तो जरा घुटमळला. "चुलत्या-पुतण्याचं वाजलं थोडं. पण ते तुम्ही भाऊंनाच विचारा."

मी विचारलं. इंद्रजीतनं लपवलं नाही. साडेपाचला नांदेडच्या डीलरचा फोन आला होता. उद्यापासून यंत्रावरचा कर बारा टक्क्यांवरून पाचवर येतोय, माल अजून तुमच्याच आवारात उभा आहे, तर आजचं बिल रद्द करून उद्या नव्या दरानं करा, नाहीतर जुन्या दराचा जास्तीचा कर माझ्याकडे अडकून पडेल. मागणी कायद्यात बसत होती. इंद्रजीत तयार होता. तात्यासाहेबांनी साफ नाही म्हटलं. बिल झालं म्हणजे झालं.

"मग तुझ्याकडे तर ज्ञानेश्वरीपेक्षा मोठं कारण होतं," मी म्हणाले.

"काय?"

"रद्द करायचं."

"ताई, गाडी माझ्या डोळ्यांसमोर गेली सव्वासहाला. सहा चाळीसला मी ई-वे कशाला रद्द करीन? पागल आहे का मी?"

मी बाहेर आले. त्याचं ते वाक्य डोक्यात अडकलं होतं. गाडी गेली हे ज्याला माहीत आहे, तो रद्द करणार नाही. वाईटावरच उठलेला असेल तर गोष्ट वेगळी. पण ज्याला ते माहीतच नाही, त्याच्या लेखी गाडी पहाटेपर्यंत आवारात उभी आहे. त्याला वाटणार, आत्ता रद्द केलं तर कुणाचं काय जातंय? सकाळी नवं बिल, नवा नंबर, आणि गाडी निघेल.

सगळे शोधत होते ट्रक पकडला जावा असं वाटणारा माणूस. शोधायला हवा होता ट्रक निघालाय हे माहीत नसलेला.

बुद्धभूषणला माहीत होतं. इंद्रजीतला माहीत होतं. यादीत उरलं एकच नाव. पाचला बसनं गेलेली, गाडी पहाटे निघणार एवढंच ठाऊक असलेली.

तिला सोडवायला म्हणून मी विचार करायला घेतला होता आणि तो फिरून तिच्यावरच येऊन थांबला होता.

४

दौलताबादला पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. किल्ल्याच्या पायथ्याला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. ज्ञानेश्वरीच्या वडिलांचं, मल्हाररावांचं घर गावाच्या शेवटाला, मागं मेंढरांचा वाडगा. ज्ञानेश्वरीची आजी, आक्काबाई, उंबऱ्यात बसली होती. तिनं मला नीट बघून घेतलं आणि मगच आत हाक मारली.

ज्ञानेश्वरी बाहेर आली. चार दिवसांत तिचा चेहरा लहान झाला होता.

"मॅडम, तुमी बी लिहून द्यायला आलाव का?"

"अजून काही लिहिलेलं नाही. रविवारी सहा चाळीसला कुठं होतीस?"

"इथंच. आक्कीसंगं भाकऱ्या थापत."

"फोन दाखव."

तिनं साधा बटनांचा फोन पुढं केला. चांगला फोन पाण्यात पडून बिघडला होता. "दोन महिने झाले. सॉफ्टवेअर मी कचेरीतल्या कॉम्प्युटरवरच बघते."

म्हणजे मोबाइल तिचा नव्हता. मी पायरीवर टेकले. "तुझ्या नावानं आणखी कुणाच्या मोबाइलवर चालू आहे का ते?"

मल्हारराव वाडग्याचं कवाड लावून येत होते, तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"सांग की गं," आक्काबाई म्हणाली. "भ्या कुणाचं हाय तुला?"

"भ्या नाय आक्के."

"मग?"

"ज्यानं भाकर दिली त्याच्याकडं बोट कसं दाखवू? त्यास्नी ठाव हाय त्यांनी काय केलं ते. तरी बी त्यांनी मला चोर म्हणलं. मग आता मी बोलून काय व्हायचंय?"

तिनं नाव घेतलं नाही, पण त्याची गरज उरली नव्हती. पाच जणांच्या यादीत नसलेला एक माणूस आज दुपारी माझ्यासमोर बसून मोबाइलवर दिवसाची विक्री वाचत होता. आणि रविवारी तो सहालाच कारखान्यातून निघाला होता, ट्रक निघायच्या पंधरा मिनिटं आधी.

"सहावा वापरकर्ता घ्यायला पैसे लागतात," मी हळूच म्हणाले. "म्हणून तुझ्याच नावानं चालू करून दिलंस."

ज्ञानेश्वरीनं मान वर केली नाही. नुसती हलवली.

५

तरीही गोष्ट जुळत नव्हती. तात्यासाहेबांनी नंतर मन बदलून नव्या दरासाठी बिल रद्द केलं असेल, तर बिल जिवंत कसं? आणि स्वतः केलं असेल तर दुपारी माझ्यासमोर 'जिव्हारी लागलंय' म्हणताना त्यांचा आवाज इतका खरा कसा? मी आयुष्यात पुष्कळ खोटे आवाज ऐकलेत. ग्राहक खोटं बोलतात, हिशेबनीस बोलतात, मीही बोलते. तो तसा नव्हता.

किल्ल्यासमोरच्या चहाच्या हॉटेलात लॅपटॉप उघडला. ग्राहकांना जो भाग दिसत नाही तो मी उघडला. कुणी कोणतं बटन दाबलं, सॉफ्टवेअरनं सरकारी पोर्टलला काय कळवलं, पोर्टलनं काय उत्तर दिलं. रविवार, सहा चाळीस. आणि तिथं जे होतं ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला.

दाबलेलं बटन 'ई-वे रद्द' नव्हतं. ते 'बिल रद्द' होतं.

ई-वे चालू असताना पोर्टल बिल रद्द करू देत नाही. आधी ई-वे रद्द करावा लागतो, मग बिल. लोकांना दोनदा खटपट नको म्हणून तीन वर्षांपूर्वी एका बटनात दोन्ही कामं बसवली होती. बसवणारी मी. बटन दाबलं की आधी ई-वे जातो, पाठोपाठ बिल. रविवारी पहिलं काम झालं. दुसऱ्याला पोर्टलनं उत्तरच दिलं नाही, दर बदलायच्या आदल्या संध्याकाळी सगळा देश तिथं गर्दी करून होता. बिल राहिलं, नंबर गेला.

पडद्यावर मात्र काही दिसलं नसणार. मी सूचना ठेवली होती, पण ती वापरणाऱ्याला जात नव्हती. ती माझ्या ईमेलला यायची. मी ईमेल उघडला. त्या दिवशीची दोनशेच्या वर पत्रं न वाचलेली होती, त्यात ते होतं. सहा एकेचाळीसला आलेलं. तेव्हा वाचलं असतं तर बन्सीला जिंतूरला फोन करून थांबवता आलं असतं, सकाळी नवा नंबर काढता आला असता.

हे पान माझ्याशिवाय कुणी बघू शकत नव्हतं. 'तांत्रिक कारण निश्चित होत नाही' असं लेखी दिलं असतं तर ज्ञानेश्वरीवरचा पुरावाही ढिला पडला असता आणि माझं नावही राहिलं असतं. तसं वाक्य मी टाइपही केलं. वाचलं. वाक्य चांगलं होतं. मग आक्काबाई उंबऱ्यात बसलेली आठवली आणि ते खोडलं.

६

शुक्रवारी सकाळी केबिनमध्ये तात्यासाहेब, इंद्रजीत आणि बुद्धभूषण होते. मी आधी माझं सांगितलं. बटन, ईमेल, सगळं. इंद्रजीतचं तोंड उघडं राहिलं.

"म्हणजे तुमच्यामुळं?"

"माझ्यामुळं नंबर एकटा मेला आणि कुणाला कळलं नाही. पण बटन कुणीतरी दाबलं." मी तात्यासाहेबांकडे वळले. "रविवारी इथून निघाल्यावर तुम्ही कुठं गेलात?"

"औरंगपुऱ्यात. आमच्या मंडळी, आशाबाई, घटाचं सामान घेत व्हत्या. म्या गाडीतच बसलो."

"बसल्या बसल्या मोबाइल काढला?"

त्यांनी भुवया आवळल्या. आठवत होते. "व्हय. डीलरला नाय म्हणलं ते डाचत व्हतं. माझं पहिलं यंत्र त्यानं विकलं हो, कुणी दारात उभं करत नव्हतं तवा. म्हणलं, गाडी पहाटंपर्यंत आवारातच हाय. बिल रद्द करू, सकाळी नवं करायला सांगू. पण झालंच नाय ते. गोल गोल फिरलं आन् बंद पडलं. बघतो तर बिल तसंच. म्हणलं आपल्या हाताला हे जमत नाय. सोडून दिलं."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी म्हणले, कुणी तरी ई-वे रद्द केला, ज्ञानेश्वरीच्या नावानं." ते थांबले. "म्या तर ई-वेला हातच लावला नाय."

"तुमच्या मोबाइलवर ते कुणाच्या नावानं चालतं, माहितेय?"

"पोरीनं चालू करून दिलंय. नाव गाव मला काय ठाव?"

बुद्धभूषण खिडकीबाहेर बघू लागला. तात्यासाहेबांनी मोबाइल उचलला, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असलेलं नाव चष्मा वर करून वाचलं, आणि फोन पालथा ठेवला. त्यांचा हात त्यावरच राहिला.

"तिला हे ठाव व्हतं?"

"होतं. तिला वाटलं, तुम्ही जाणूनबुजून तिच्यावर ढकलताय."

"आन् तरी बोलली नाय."

"नाही."

इंद्रजीत सावरत म्हणाला, "काका, झालं ते झालं. तिला फोन करू, सोमवारपासून ये म्हणू. मॅडमचा रिपोर्ट अपिलाला जोडू. बाहेर कशाला..."

"गाडी काढ," तात्यासाहेब म्हणाले.

दौलताबादला त्यांनी मल्हाररावांच्या दारात उभं राहूनच सगळं सांगितलं, बसायला घोंगडी टाकली होती तरी बसले नाहीत. मल्हाररावांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेना, तेच मला जड जात होतं.

"चार दिस पोरीनं धड अन्न खाल्लं नाय," ते म्हणाले. "गावात बातमी आधी आली, पोरगी मागनं आली. तुमचा टरक दंड भरून सुटंल साहेब. हिचं काय भरता?"

ज्ञानेश्वरी पुढं आली.

"तुमी मला जिथं बोललाव, तिथं सांगा."

"सोमवारी सगळ्यास्नी गोळा करतो."

"आज. साडेतीनला पाळी बदलती. दोन्ही पाळ्यांची माणसं असतात तवा."

साडेतीनला कारखान्याच्या गेटजवळ सत्तर-ऐंशी माणसं उभी राहिली, अर्धी डबे घेऊन घरी निघालेली, अर्धी आत येणारी. तात्यासाहेब पायरीवर चढले नाहीत, त्यांच्यातच उभे राहिले. चार वाक्यांत सांगितलं. "बटन म्या दाबलं. मला कळलं नाय. न विचारता पोरीला चोर म्हणलं. ती चोर नाय." मग मी माझं सांगितलं. माझा आवाज मागच्यांना ऐकू गेला नाही, म्हणून बुद्धभूषणनं "परत सांगा" म्हटलं आणि मला ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं सांगावं लागलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं पांगली. स्टोअरच्या एका बाईनं जाता जाता ज्ञानेश्वरीच्या पाठीवरून हात फिरवला, एवढंच.

दंडाचे पैसे त्याच दुपारी भरले. बन्सीचा ट्रक संध्याकाळी निघणार असा फोन आला. पुढं अपील करायचं होतं, कागद खरे होते, बिल जिवंत होतं, माझ्याकडची नोंदही होती. वकिलानं म्हटलं होतं, आधी कंपनीच्या पत्रात घडलेलं सरळ लिहून द्या. ज्ञानेश्वरी आपल्या जागेवर बसली, कॉम्प्युटर सुरू केला, मजकूर घालू लागली. एका ओळीशी थांबली.

"साहेब, इथं चूक कुणाची ते लिहायचंय. काय लिहू?"

तात्यासाहेब तिच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले होते. "लिही, मालकाची."

"आणि सॉफ्टवेअर सल्लागाराची," मी म्हणाले.

तिनं दोन्ही लिहिलं, ओळ पुन्हा वाचून पाहिली आणि छापायला पाठवली.